पाण्याचा मीटर आणि अमानत
घरमालक व भाडेकरू यांच्यातील तंट्याचा शरीअतच्या प्रकाशात विचार



मदरशातून बाहेर पडून इमामतीची जबाबदारी स्वीकारली तेव्हा लोक निकाह, तलाक, वारसाहक्क आणि जकात यांचे प्रश्न घेऊन येतील, एवढीच माझी अपेक्षा होती. पाण्याच्या बिलाचा तंटा घेऊन कोणी येईल असे कधी वाटले नव्हते. परंतु असा एक तंटा आला, आणि त्यात सर्वांत आधी मीच चुकलो. त्या चुकीतून जे शिकलो ते आपणापुढे ठेवावे, हा या लेखाचा हेतू आहे.

आमच्या वस्तीत एक तीन मजली घर आहे. मालक शेजारच्या गल्लीत राहतात. घरात चार भाडेकरू कुटुंबे आहेत. पालिकेची नळजोडणी एकच, मुख्य मीटर एकच आणि बिल मालकांच्या नावाने येते. मालकांनी प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र पोटमीटर बसविलेला आहे. महिनाअखेरीस चारही पोटमीटरांची बेरीज मुख्य मीटरच्या आकड्यापेक्षा कमी भरे. ही तफावत मालक चौघांवर सारखी वाटून टाकीत. तिघे निमूटपणे पैसे देत. चौथ्याने सांगितले, "माझ्या मीटरवर जेवढे आहे तेवढे देईन. बाकीचे पाणी मी वापरलेले नाही." दोन महिने हा वाद चालला. तिसऱ्या महिन्यात मालकांनी त्याच्या खोलीकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद केला. त्याची पत्नी खालच्या बिऱ्हाडातून कळशी भरून दोन जिने चढू लागली. घरात त्याची वृद्ध आई होती, तिला वजूचे पाणीही मोजून द्यावे लागे.

मालक आमच्या मशिदीतील पहिल्या सफमधील नमाजी. एका रात्री इशानंतर पायरीवर उभे राहून त्यांनी सर्व हकीकत सांगितली. सांगणे नीटनेटके होते, हातात बिले होती. मी तेथूनच त्या भाडेकरूला फोन लावला आणि म्हणालो, "भाई, पैसे भरून टाका, सब्र करा. पाण्यावरून भांडण शोभत नाही." पलीकडून क्षणभर शांतता होती. मग तो एवढेच म्हणाला, "मौलाना, आपण मीटर पाहिलात का?" मी पाहिला नव्हता. त्यानंतर तीन जुमे तो आमच्या मशिदीत आला नाही.

अखेर मी त्या घरी गेलो. सोबत वस्तीतील एक प्लंबर होता. त्याने चारही बिऱ्हाडांचे नळ बंद करायला लावले, गच्चीवरील टाकीकडे जाणारा कॉकही बंद केला आणि आम्हाला मुख्य मीटरजवळ उभे केले. कोठेही पाणी वापरले जात नव्हते, तरी मीटरमधील लहान चक्र संथपणे फिरतच होते. मुख्य मीटर आणि टाकी यांच्यामधली जुनी नळी ओट्याखाली गळत होती. चार कुटुंबे महिनोन् महिने जमिनीत मुरणाऱ्या पाण्याचे पैसे देत होती आणि मी त्यांच्यापैकी एकाला सब्रचा उपदेश केला होता.

मीटर म्हणजे मीझान

पवित्र कुरआनात मापाचा विषय केवळ बाजारापुरता मर्यादित नाही. सूरह अर्रहमानमध्ये (५५:७-९) अल्लाहने आकाश उंच केल्याचा आणि मीझान, म्हणजे तराजू, स्थापन केल्याचा उल्लेख एकत्र येतो आणि लगेच मापात अतिरेक करू नका, तोल न्यायाने राखा, अशी ताकीद दिली जाते. प्रेषित शुऐब (अलै.) यांनी मदयनच्या लोकांना एकेश्वरत्वाच्या आवाहनाबरोबरच माप व वजन पूर्ण द्या आणि लोकांना त्यांच्या वस्तू कमी करून देऊ नका, असे सांगितले (११:८४-८५). ज्या कौमने हे ऐकले नाही तिचा अंत काय झाला, हे आपणास ठाऊक आहेच.

सूरह अल-मुतफ्फिफीनच्या आरंभीच्या आयती (८३:१-३) या विषयात विशेष मनन करण्याजोग्या आहेत. ज्याच्यासाठी तेथे विनाश सांगितला आहे, त्याच्याजवळ दोन मापे आहेत. स्वतः घेताना तो पुरेपूर घेतो आणि दुसऱ्याला देताना घटवून देतो. म्हणजे गुन्हा केवळ कमी देण्याचा नाही, आपल्यासाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरे माप वापरण्याचा आहे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या निवेदनानुसार, प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत आले तेव्हा तेथील लोक मापाच्या बाबतीत अत्यंत वाईट होते आणि या आयती अवतरल्यानंतर त्यांनी आपले माप सुधारले (इब्ने माजा). मापाची सवय सुधारू शकते आणि तीही ऐकल्याबरोबर, हा या निवेदनातील मोठा दिलासा आहे.

आपल्या काळात पाणी साअ आणि मुद्दने मोजले जात नाही, ते घनमीटरने मोजले जाते. एक घनमीटर, म्हणजेच बिलावरील एक युनिट, १,००० लिटरचे असते. साधन बदलले, हुकूम बदललेला नाही. दरवाजामागे भिंतीला लावलेला तो छोटा डबा आजच्या घरातील मीझान आहे. त्याचा आकडा लिहून घेणारा हात साक्षीदाराचा हात आहे.

पाण्याचे पैसे घेता येतात काय?

काही भाडेकरू बांधव असा युक्तिवाद करतात की, पाणी, गवत आणि अग्नी या तीन गोष्टींत सर्व मुसलमान भागीदार आहेत, असे हदीसमध्ये आले आहे (अबू दाऊद, इब्ने माजा), मग पाण्याचे बिल कसले? हदीस आपल्या जागी पूर्णपणे सत्य आहे, तिचा लावलेला अर्थ मात्र बरोबर नाही. फुकहांनी स्पष्ट केले आहे की, नदी, झरा, पाऊस यांचे पाणी कोणाच्या मालकीचे नसते. परंतु एखाद्याने श्रम व खर्च करून ते भांड्यात अथवा टाकीत साठविले की ते त्याच्या ताब्यात येते आणि त्याचा मोबदला घेणे जायज ठरते. पालिकेचे पाणी धरणातून आणावे लागते, शुद्ध करावे लागते, पंपाने चढवावे लागते. बिल त्या व्यवस्थेचे आहे. ते बुडविणे म्हणजे दुसऱ्याचा हक्क बुडविणे होय.

तथापि या हदीसचा गाभा घरमालकांनी विसरू नये. पाणी ही इतर वस्तूंसारखी वस्तू नाही. हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमाची विहीर स्वतःच्या मालातून विकत घेऊन मुसलमानांसाठी खुली केली. हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांनी आपल्या मरहूम आईच्या वतीने कोणता सदका उत्तम, असे विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) पाण्याचा निर्देश केला (अबू दाऊद, नसाई). ज्या वस्तूचा सदका इतका श्रेष्ठ, तिच्यातून छुपा नफा काढणे एका मोमिनाला किती अशोभनीय आहे, याचा विचार करावा.

करार स्पष्ट असावा

भाड्याचा करार हा फिक्हमध्ये 'इजारा' होय. त्याचा पाया असा की, उपभोग आणि मोबदला दोन्ही ज्ञात असावेत. हनफी फुकहा एक सूक्ष्म भेद करतात. प्रत्येक अज्ञात गोष्ट करार बिघडवीत नाही. जी अज्ञातता तंट्याकडे नेते ती बिघडविते. त्यांचे जुने उदाहरण हम्मामचे, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहाचे आहे. तेथे किती पाणी वापरले जाईल, किती वेळ बसले जाईल, हे ठरलेले नसते. तरी ठरावीक पैसे देऊन आत जाणे इस्तिहसानच्या तत्त्वावर जायज मानले गेले, कारण लोकांच्या प्रचलित रीतीत त्यावरून भांडण होत नाही.

यावरून आपल्यासाठी दोन सरळ मार्ग निघतात. पाण्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम भाड्यातच धरावी; मग वापर थोडा कमी-अधिक झाला तरी कोणी कोणाला विचारू नये. अथवा मीटरप्रमाणे घ्यावे. मग दर कसा काढायचा, आकडा कोणी व कोणत्या दिवशी नोंदवायचा आणि तफावत कोणाची, हे आधीच ठरवावे. या दुसऱ्या प्रकारात एकूण रक्कम आधी माहीत नसते, परंतु ती काढण्याची पद्धत माहीत असते, म्हणून वादाला जागा राहत नाही. वाद पेटतो तो तिसऱ्या प्रकारात: "पाण्याचे जे काय येईल ते बघू."

देवाणघेवाण लिहून ठेवण्याचा आदेश सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत इतक्या तपशिलाने आला आहे की, ती पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ यातील कलम ५५ अन्वये भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून, नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. शरीअतचा सल्ला आणि देशाचा कायदा येथे एकाच दिशेने बोट दाखवितात. तरी आपल्या मोहल्ल्यांत अनेक बिऱ्हाडे केवळ शब्दावर चालतात आणि शब्द विसरला जातो.

तफावत कोठून येते?

पोटमीटरांची बेरीज मुख्य मीटरशी जुळत नाही, याचा अर्थ कोणी चोरी करीत आहे असाच होतो, ही समजूत चुकीची आहे. बदगुमानीपासून दूर राहण्याची आज्ञा सूरह अल-हुजुरातमध्ये (४९:१२) आहे. गुमान टाळायचा असेल तर कारणे जाणून घ्यावी लागतात.

पहिले कारण गळती. मिनिटाला १०० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या लहान पेल्याएवढे पाणी गळत असेल तर दिवसाला १४४ लिटर आणि तीस दिवसांत ४,३२० लिटर वाया जाते. मलनिःसारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी आपल्या देशात दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. म्हणजे एका पेल्याएवढी गळती घरात एक न दिसणारा माणूस वाढविते.

दुसरे कारण मीटरची मर्यादा. घरगुती यांत्रिक मीटर अत्यंत संथ प्रवाह नोंदवीतच नाही. थेंबथेंब ठिबकणारा नळ अथवा फ्लशच्या टाकीतून झिरपणारे पाणी पोटमीटरवर दिसणार नाही. पण ते गच्चीवरील टाकीतून गेलेले असते, आणि ती टाकी भरताना मुख्य मीटरवर चढलेले असते. याशिवाय प्रमाणित मीटरलाही नेहमीच्या प्रवाहात सुमारे दोन टक्के आणि मंद प्रवाहात पाच टक्क्यांपर्यंत चूक मान्य असते. चार-पाच मीटर एकमेकांशी तंतोतंत जुळावेत, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

तिसरे कारण हवा. आपल्याकडे पाणी दिवसातून तास-दोन तास, कोठे दिवसाआड सुटते. रिकाम्या नळीतील हवा आधी बाहेर ढकलली जाते आणि ती मीटरचे चक्र फिरवू शकते. मुख्य मीटर टाकीच्या आधी असल्याने हा फरक त्याच्यावर पडतो, टाकीनंतरच्या पोटमीटरांवर पडत नाही.

चौथे कारण सामाईक वापर: जिना धुणे, टाकी साफ करणे, बांधकामाची डागडुजी. आणि एक उलट प्रकारही आहे. टंचाईत टँकरचे अथवा बोअरचे पाणी थेट टाकीत सोडले जाते. ते मुख्य मीटरवर येत नाही, पोटमीटरवर मात्र येते. अशा महिन्यात पोटमीटरांची बेरीज मुख्य आकड्याहून अधिक भरेल आणि त्या सर्वांवर पालिकेचा दर लावणे चुकीचे ठरेल.

गळतीचा भार कोणावर?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या फुकहांनी शतकांपूर्वी दिले आहे. हनफी ग्रंथांनुसार भाड्याच्या घराची डागडुजी, पन्हाळीची दुरुस्ती, पाण्याची विहीर व सांडपाण्याचा खड्डा नीट करणे हे घराच्या मालकाकडे आहे. त्याने ते केले नाही तर भाडेकरूला घर सोडण्याचा अधिकार पोहोचतो. उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात संकलित झालेल्या 'मजल्ला' या हनफी विधिसंहितेतही घराच्या पाण्याच्या वाटांची दुरुस्ती मालकावरच ठेवली आहे. कारण स्पष्ट आहे: भाडेकरू ज्याचे पैसे देतो तो उपभोग त्याच्यापर्यंत पोहोचविणे हे मालकाचे कर्तव्य आहे. यावरून माझ्या अल्प समजुतीनुसार असा निष्कर्ष निघतो की, पोटमीटरच्या अलीकडची, म्हणजे मालकाच्या नळीतील व टाकीतील गळती मालकाची आणि पोटमीटरच्या पलीकडे, बिऱ्हाडाच्या आत भाडेकरूच्या निष्काळजीपणाने चालू राहिलेली गळती भाडेकरूची.

भाडेकरूच्या हाती असलेले घर व त्यातील मीटर ही अमानत आहे. आपोआप बिघाड झाला तर त्याच्यावर भरपाई नाही. परंतु मुद्दाम अथवा बेपर्वाईने बिघडविले तर आहे. बिघाड दिसूनही मालकाला न कळविणे हीदेखील अमानतीतील कसूर होय.

दराचा हिशोब

टप्प्याटप्प्याने वाढणारा दर हा आणखी एक फसवा भाग आहे. एक उदाहरण घेऊ. यातील दर केवळ समजण्यासाठी मानलेले आहेत. समजा, पहिल्या १५ युनिटांना ६ रुपये आणि त्यापुढील प्रत्येक युनिटाला १२ रुपये दर आहे. मुख्य मीटरवर ४० युनिट आले. पालिकेचे बिल होईल ९० अधिक ३००, म्हणजे ३९० रुपये. मालकांनी "आपला दर बाराचा आहे" असे सांगून सर्व ४० युनिटांना १२ रुपये लावले तर ४८० रुपये जमा होतील. वरचे ९० रुपये कशाचे? पालिकेकडून घेताना एक माप आणि भाडेकरूला देताना दुसरे! सूरह अल-मुतफ्फिफीनमधील ती दोन मापे येथे आपल्या दारात उभी आहेत.

न्याय्य रीत अशी: ३९० भागिले ४०, म्हणजे युनिटला ९ रुपये ७५ पैसे. चार पोटमीटरांवर ९, १२, ६ आणि १० युनिट असतील तर त्यांचे अनुक्रमे ८७.७५, ११७, ५८.५० आणि ९७.५० रुपये होतात, बेरीज ३६०.७५. उरलेल्या तीन युनिटांचे २९.२५ रुपये मालकाने सोसावेत. अथवा जिना धुण्यासारखा सामाईक वापर सर्वांच्या संमतीने आधीच ठरला असेल तर तेवढाच भाग वाटून घ्यावा. बिल भाडेकरूंना दाखवावे. कोणी म्हणेल, एवढ्या किरकोळ रकमेसाठी इतका खटाटोप कशाला? एकमेकांचा माल असत्य मार्गाने खाऊ नका, हा आदेश (२:१८८) देताना अल्लाहने रकमेची किमान मर्यादा सांगितलेली नाही.

मालकाला आपल्या सेवेचा मोबदला हवा असेल तर तो भाड्यात उघडपणे मागावा. 'पालिकेचे बिल' या नावाखाली अधिक घेणे ही फसवणूक आहे. नळजोडणीच्या अटींत पाण्याच्या पुनर्विक्रीला मनाई असेल तर ती पाळणे हाही कराराचाच भाग आहे आणि करार पूर्ण करण्याचा आदेश सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे.

भाडेकरूंनीही आपल्या मनात डोकावावे

अन्याय एकाच बाजूने होतो असे मुळीच नाही. मीटर मंद करण्यासाठी छेडछाड करणे, मीटरच्या आधीच्या नळीला गुपचूप जोड घेणे, घर सोडताना शेवटच्या महिन्याचे बिल बुडवून जाणे, हे प्रकार आपल्या वस्त्यांत घडतात. अनेक घरमालक धनिक नसतात. एखाद्या विधवेचा सारा संसार दोन खोल्यांच्या भाड्यावर चालतो. ऐपत असताना देणे लांबविणे हा जुलूम आहे, असे प्रेषितांनी (स.) फरमाविले आहे (बुखारी, मुस्लिम). येथे 'जुलूम' हा शब्द मालकासाठी नाही, देणेकऱ्यासाठी वापरला आहे, हे ध्यानात घ्यावे.

आणि उधळपट्टीचा प्रश्न आहेच. ठरावीक रक्कम भरली म्हणून नळ वाहता सोडण्याची मुभा मिळत नाही. प्रेषित (स.) एका मुद्द पाण्याने वजू आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्याने स्नान करीत (बुखारी). एक साअ म्हणजे चार मुद्द आणि मुद्द म्हणजे मध्यम तळहातांची एक ओंजळ. इबादतीसाठीच्या पाण्यालाही जेथे माप आहे, तेथे अंगण धुण्याच्या पाण्याला ते का नसावे?

पाणी तोडणे

आता सर्वांत गंभीर मुद्द्याकडे येऊ. पैसे थकले म्हणून मालकाने पाणी बंद करावे काय? गरजेपेक्षा अधिक पाणी असूनही वाटसरूला ते नाकारणाऱ्याकडे अल्लाह कियामतच्या दिवशी पाहणार नाही, असा इशारा हदीसमध्ये आला आहे (बुखारी). वाटसरू तर अनोळखी असतो. येथे आपल्याच छपराखाली राहणारी स्त्री, मूल, वृद्ध आई आहे. त्यांनी बिल थकविलेले नाही, त्यांच्यावर ही शिक्षा कशी लादता येईल? नुकसान करू नये आणि नुकसानीच्या बदल्यात नुकसान करू नये, हे तत्त्व (इब्ने माजा) फिक्हच्या मूलभूत कायद्यांपैकी एक आहे.

समूद कौमची कथा आठवा. तेथे प्रेषित सालेह (अलै.) यांच्या उंटिणीसाठी आणि लोकांसाठी पाण्याच्या पाळ्या ठरवून दिल्या होत्या (२६:१५५, ५४:२८). एका मुक्या जनावराची पाळीही अल्लाहने ठरविलेला हक्क होती. त्या कौमने उंटिणीचाच काटा काढला आणि तिचा नाश झाला.

देशाचा कायदाही येथे स्पष्ट आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ नुसार मालकाला न्याय्य व पुरेशा कारणाशिवाय अत्यावश्यक पुरवठा अथवा सेवा तोडता येत नाही. पाणी त्यात येते आणि पीडित भाडेकरू न्यायालयात दाद मागू शकतो. मग मालकाने वसुली कशी करावी? देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी (२:२८०). ऐपत असून देत नसेल तर चार जाणत्या लोकांसमोर मागणी करावी, करारात तसे ठरले असेल तर अनामत रकमेतून वळते करावे, नाही तर न्यायालयात जावे. व्हॉल्व्ह हे वसुलीचे साधन नव्हे.

निवाडा करणाऱ्यांची जबाबदारी

आता मी माझ्या चुकीकडे वळतो. हजरत अली (रजि.) यांना यमनला न्यायदानासाठी पाठविताना प्रेषितांनी (स.) शिकविले होते की, दोन पक्ष समोर आले तर दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय पहिल्यासाठी निर्णय देऊ नये (अबू दाऊद, तिर्मिजी). ही हदीस मी वर्गात पाठ केली होती. मशिदीच्या पायरीवर ती मला आठवली नाही, कारण बोलणारा माणूस परिचित होता, मशिदीला मदत करणारा होता आणि त्याचे म्हणणे सफाईदार होते.

हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी निवेदन केलेली हदीस तर प्रत्येक मुतवल्ली, इमाम आणि पंच यांनी हृदयावर कोरून ठेवावी. प्रेषित (स.) सांगतात की, आपण एक मनुष्य आहोत, तंटा घेऊन येणाऱ्यांपैकी एखादा आपली बाजू मांडण्यात अधिक पटाईत असू शकतो आणि त्याचे ऐकून निर्णय त्याच्या बाजूने लागू शकतो. परंतु अशा रीतीने ज्याला त्याच्या भावाचा हक्क मिळाला, त्याला अग्नीचा तुकडा मिळाला (बुखारी, मुस्लिम). म्हणजे निवाडा बाजूने लागला तरी हराम ते हलाल होत नाही. मग माझ्यासारख्याने फोनवर दिलेल्या सल्ल्याची काय कथा!

पाण्याच्या तंट्यात स्वतः प्रेषितांनी (स.) निवाडा केल्याचा प्रसंगही सुविख्यात आहे. मदीनेच्या हर्रा भागातील पाटाच्या पाण्यावरून हजरत जुबैर (रजि.) आणि एक अन्सारी गृहस्थ यांच्यात वाद झाला. प्रेषितांनी (स.) प्रथम दोघांना सोयीचा, सवलतीचा मार्ग सांगितला: जुबैर यांनी आपल्या बागेला पाणी द्यावे आणि मग शेजाऱ्याकडे सोडावे. अन्सारी गृहस्थांनी त्यावर नातेवाइकाची बाजू घेतल्याचा आरोप केला. तेव्हा प्रेषितांनी (स.) जुबैर यांना त्यांचा पूर्ण हक्क घेण्यास सांगितले (बुखारी, मुस्लिम). यातून दोन पायऱ्या दिसतात. आधी सलोखा, ज्यात हक्कदार आपला थोडा हक्क सोडतो. तो मानला गेला नाही तर पूर्ण हक्काचा निवाडा. परंतु दोन्ही पायऱ्यांवर हक्क कोणाचा व किती, हे निवाडा करणाऱ्याला आधी माहीत होते. ज्याला हक्कच ठाऊक नाही त्याने सब्राचा उपदेश करणे म्हणजे दुर्बलाला गप्प बसविणे होय. मी तेच केले होते.

काही व्यवहार्य सूचना

१. बिऱ्हाड देताना व सोडताना मीटरचा आकडा दोघांनी मिळून पाहावा, मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि करारात लिहावा.

२. दरमहा ठरावीक तारखेला मुख्य व सर्व पोटमीटरांचे आकडे एकाच वेळी, शक्यतो एका भाडेकरूच्या उपस्थितीत नोंदवावेत. काळे अंक सामान्यतः पूर्ण घनमीटर दाखवितात, लाल अंक त्याचे अंश. दोहोंची गल्लत करू नये.

३. मालक त्याच घरात राहत असतील तर त्यांनी स्वतःच्या बिऱ्हाडालाही मीटर बसवावा. मोजमाप फक्त दुसऱ्यांसाठी असू नये.

४. दर तीन महिन्यांनी सर्व नळ व टाकीचा कॉक बंद करून मुख्य मीटर पाहावा. चक्र फिरत असेल तर माणसावर संशय घेण्याआधी नळी तपासावी. चारही मीटर टाकीनंतर असतील तर टाकीची पातळीही रात्रभर खुणेने पाहावी.

५. एखाद्या मीटरवर शंका असेल तर त्यातून वीस लिटरची बादली पाच वेळा भरावी. १०० लिटरच्या आसपास आकडा पुढे सरकला तर मीटर ठीक आहे. मोठा फरक आढळला तर तो बदलावा.

६. वाद झालाच तर दोन्ही पक्षांची संमती असलेले दोन माणसे नेमावीत. त्यांनी आधी जागेवर जाऊन पाहावे आणि मगच बोलावे. निर्णय होईपर्यंत वादग्रस्त रक्कम तिसऱ्याकडे ठेवावी आणि पाणी चालू ठेवावे.

७. माप देणाऱ्याने थोडे झुकते माप द्यावे. बाजारात मजुरीवर वजन करणाऱ्या एका माणसाला प्रेषितांनी (स.) वजन करताना पारडे झुकते ठेवण्यास सांगितले होते (अबू दाऊद, तिर्मिजी). मालकाने वरचे पैसे सोडावेत, भाडेकरूने पूर्ण रुपये द्यावेत. ज्या घरात दोघेही झुकते माप देतात तेथे पंचांची गरज उरत नाही.

वाचकहो, त्या घराची हकीकत अपुरी ठेवणे योग्य नाही. ओट्याखालची नळी बदलली गेली. मालकांनी व्हॉल्व्ह त्याच दिवशी उघडला आणि मागील महिन्यांत तफावतीपोटी घेतलेली रक्कम चारही बिऱ्हाडांना भाड्यातून वळती करून दिली. हे त्यांनी कोणाच्या दबावाखाली केले नाही. फिरते चक्र त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि पाहिल्यावर ते अडून बसले नाहीत. अल्लाह त्यांना याचा उत्तम मोबदला देवो. मी त्या भाडेकरूच्या घरी जाऊन त्याची व त्याच्या आईची माफी मागितली. अम्मांनी प्यायला पाणी आणून दिले. तो पेला हाती घेताना मला जी लाज वाटली, ती माझ्या कोणत्याही उस्तादांच्या छडीने वाटली नव्हती.

कियामतच्या दिवशी अल्लाह न्यायाचे तराजू मांडील आणि मोहरीच्या दाण्याएवढे कर्मही हजर केले जाईल (२१:४७). त्या मीझानवर हवेचा फरक पडत नाही, संथ प्रवाह त्यातून निसटत नाही आणि त्याची नोंद कोणाला बदलता येत नाही. तेथे आपला हिशोब हलका व्हावा असे वाटत असेल तर येथे भिंतीवरच्या या छोट्या मीझानशी प्रामाणिक राहू या.

अल्लाह तआला आपणा सर्वांना घेताना आणि देताना एकच माप वापरण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.